ठाणेदारसाहेबांची अब्रू आणि आमचं साप्ताहिक

कोर्टाच्या व्हरांड्यात ज्यानं वर्षं काढली त्याच्याकडे किस्से आपोआप साठतात. वेगळं काही करावं लागत नाही. बाकावर बसायचं, पुकाऱ्याची वाट पाहायची आणि कान उघडे ठेवायचे! मी अमरावतीच्या एका साप्ताहिकात उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे बातम्या आणणारा, प्रुफं तपासणारा आणि अंकांवर पत्ते चिकटवणारा, सगळं मीच. संपादक होते भाऊसाहेब. आम्ही दोघं अर्धा आठवडा छापखान्यात असायचो आणि अर्धा कोर्टात, कारण आम्ही पोलिसांबद्दल लिहायचो आणि पोलिसांची अब्रू फार नाजूक!

पन्नासच्या दशकाचे शेवटचे दिवस. आमचा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. राज्य बदललं, पण ठाणेदार तेच होते.

मित्रमंडळी जमली की हे किस्से मी सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. फक्त शेवटचा सांगायची वेळ आली की मी चहा मागवतो आणि विषय बदलतो. आज सगळेच सांगून टाकतो.

*

पहिली धमकी आली ती संत्र्यांवरून.

बाजारात एक जमादार फळवाल्यांच्या, माळणींच्या पाट्यांतून फुकट संत्री उचलतो, अशी आम्ही चार ओळींची बातमी दिली. दुसऱ्या दिवशी जमादार वर्दी चढवून छापखान्यात हजर! हातात आमचा अंक, चेहरा लालबुंद.

"भाऊसाहेब, हे साफ झूट हाय! म्या एक संत्रं उचललं नाही. अब्रूचा दावा लावतो तुमच्यावर!"

भाऊसाहेबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग शांतपणे विचारलं, "मंग उचलले कोनं?"

"शिपायानं उचलले! मी तं फक्त खाल्ले!"

भाऊसाहेबांनी पुढच्या अंकात हा खुलासा शब्दाला शब्द छापला. जमादार खूश झाला. येऊन आणखी दोन अंक मागून घेऊन गेला.

*

छापखाना भाऊसाहेबांच्या साडूच्या नावावर होता आणि हा साडू भारी भित्रा. त्यानं निरोप धाडला, काय लिहायचं ते लिहा, पण कोणाचं नाव टाकू नका.

त्याच सुमाराला एक ठाणेदार जुगाराच्या अड्ड्यावरून हप्ता घेतो, अशी पक्की खबर आमच्याकडे आली. साडूचा मान राखून आम्ही लिहिलं, "एका तालुक्याच्या गावचे एक ठाणेदार." म्हटलं, आता कोण दावा लावतो बघू!

आठवड्याभरात तीन नोटिसा आल्या. तीन वेगळ्या ठाण्यांच्या तीन ठाणेदारांच्या! प्रत्येकाच्या वकिलानं लिहिलं होतं, की बातमीत नाव नसलं तरी ती माझ्या अशिलाबद्दलच आहे हे तालुक्यातलं शेंबडं पोरही ओळखेल.

आमचे कोर्टकज्जे अकोल्याचे बापूसाहेब वकील पाहायचे. बडनेऱ्याला गाडी बदलून यायचे बिचारे. त्यांनी तिन्ही नोटिसा टेबलावर मांडल्या आणि पोट धरून हसले. "अहो, हे तर घरबसल्या तीन कबुलीजबाब आले!"

"यातला आपला कोणता?" त्यांनी विचारलं.

यातला एकही आमचा नव्हता! ज्याच्याबद्दल लिहिलं होतं त्यानं नोटीस पाठवलीच नाही. एक शिपाई पाठवून तोंडी निरोप दिला, "बातमी बेस होती. आमच्या खात्यात अशे लोक लय माजले. लिहित जा!"

त्या दिवशी भाऊसाहेबांनी ठरवलं, यापुढे नाव टाकायचं. तिघांशी उगाच भांडण्यापेक्षा ज्याचं आहे त्याच्याशीच भांडावं.

*

आणि मग तुळशीराम आला.

अंजनगाव सुर्जीकडे विड्याच्या पानांचे मळे आहेत. तुळशीराम त्या मळ्यांमधला. स्वतःचा थोडा मळा होता, बाकीच्या वेळी दुसऱ्यांकडे पानं खुडायला जायचा. पान खुडणं हे सगळं अंगठ्याचं काम. उजव्या अंगठ्याला लोखंडी नखी चढवतात आणि देठ असा अलगद कापतात, की वेलाला कळतसुद्धा नाही. या कामात तुळशीरामचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता.

गावातल्या एका व्यापाऱ्याकडे चोरी झाली. ठाण्यानं तुळशीरामला उचललं. चार दिवसांनी खरा चोर धामणगाव रेल्वे स्टेशनावर मालासकट सापडला आणि तुळशीरामला सोडून दिलं. पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

त्यानं आमच्या कंपोझच्या टेबलावर उजवा हात ठेवला. अंगठा सुजून काळानिळा पडला होता आणि मुळापासून वाकडा झाला होता.

"कोनं केलं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"ठानेदारसायबानं. दोघायनं हात दाबून धरला अन् सायबानं वर बूट ठेवला. म्हने, याच आंगठ्यानं कडी उघडली ना?"

डॉक्टर म्हणाले होते, हाड सांधेल, पण अंगठा वळणार नाही.

"हे छापतो," भाऊसाहेब म्हणाले. "सायबाचंही नाव टाकतो. तुहं नाव टाकू?"

"टाका. खरं हाय तं काहून भेऊ? पन तुमी मांगं फिरसान तं नाही? मले त्याच ठान्याखाली राहाचं हाय."

"मी जित्ता हाय तोवर नाही फिरत!" भाऊसाहेब म्हणाले. आणि त्या क्षणी ते अगदी मनापासून म्हणाले होते, हे मी शपथेवर सांगतो.

बातमी पहिल्या पानावर गेली, आमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या टायपात.

*

ठाणेदारानं फौजदारी दावा लावला. आरोपी भाऊसाहेब आणि साडू.

अब्रू गेली म्हणायचं तर आधी अब्रू होती हे दाखवावं लागतं. म्हणून ठाणेदारानं गावातून एक म्हातारा शेतकरी साक्षीला आणला. म्हातारा पिंजऱ्यात उभा राहिला, पागोटं सारखं केलं आणि पढवल्याप्रमाणे बोलला, "सायबाची आमच्या गावात लय इज्जत हाय."

बापूसाहेब उलटतपासणीला उठले. "बाबा, साहेबांची इतकी इज्जत कशामुळे करता?"

म्हातारा एवढ्यासाठी पढवलेला नव्हता. तो निरागसपणे म्हणाला, "नाही केली तं मारते ना बाप्पा!"

सगळं कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनीही रुमाल तोंडाला लावला. ठाणेदार मात्र हसला नाही. तो म्हाताऱ्याकडे एकटक बघत होता. गावी परतल्यावर म्हाताऱ्याचं काय झालं, हे आम्ही कधी चौकशी करून पाहिलं नाही. हसण्याच्या भरात राहूनच गेलं. आता वाटतं, निदान विचारायला तरी हवं होतं.

*

तुळशीरामची साक्ष हाच आमचा खरा आधार. ती झाली की आम्ही सुटलो, असं बापूसाहेब म्हणायचे. पण ती व्हायचीच नाही. कधी ठाणेदार बंदोबस्तावर, कधी त्याचा वकील आजारी, कधी मॅजिस्ट्रेटची बदली. तुळशीराम दर तारखेला पहाटेची मोटार धरून यायचा, व्हरांड्यात दिवसभर बसायचा आणि नवी तारीख घेऊन परत जायचा. मागं त्याची बायको सुभद्रा एकटीच पानं खुडायची. तिच्या हातून उरकायचं नाही, पानं वेलावरच निबर व्हायची. दुसऱ्यांच्या मळ्यांमधलं कामही बंद झालं, कारण त्याला कामावर ठेवलं की ठाण्याचा शिपाई बांधावर येऊन बसायचा.

एकदा तुळशीराम आला तो हसतच. साक्षीचं समन्स घेऊन त्याच्याकडे जो शिपाई आला होता, तो नेमका ठाण्यात त्याचा हात दाबून धरणाऱ्या दोघांपैकी निघाला. तुळशीरामला लिहिता येत नव्हतं. शिपाई म्हणाला, "आंगठा दे."

"म्या म्हनलं, कोनता देऊ वो? तुमी मोडला तो का ठेवला तो?"

तुळशीराम मोठमोठ्यानं हसला. छापखान्यात दुसरं कोणी हसलं नाही.

*

पुढं साडू खचला. रोज येऊन बसायचा. "मले जेलात धाडता काय, भाऊसाहेब? छापखान्याले टाळं लागलं तं खाच्याले काय घालसान या लोकायले?" कंपोझिटर ऐकत असायचे आणि मान खाली घालून खिळे जुळवायचे. त्यांनाही घरं होती.

एक दिवस बापूसाहेब अकोल्याहून आले ते तडजोडीचा मसुदा घेऊनच. दिलगिरी छापा, दावा मागं घेतो, असं ठाणेदार म्हणत होता. मसुद्यात होतं, की सदर बातमी एका इसमाच्या खोट्या माहितीवर विसंबून दिली गेली, त्यात तथ्य नव्हतं, साहेबांच्या लौकिकास बाधा आली याबद्दल आम्ही त्यांची बिनशर्त माफी मागतो.

"एका इसमाच्या," भाऊसाहेबांनी दोनदा वाचलं. मग त्यांनी सही केली.

मी म्हटलं, आतल्या पानावर बारीक टायपात घेऊ, कोणाच्या नजरेस यायला नको. पण समोरचा वकील पक्का होता. त्याची अट होती, बातमी जिथं आली तिथंच माफी यावी आणि त्याच टायपात. बातमी इतकी मोठी छापल्याचं आम्हाला पहिल्यांदाच वाईट वाटलं. त्या माफीचं प्रूफ भाऊसाहेबांनी स्वतः तपासलं, मला हात लावू दिला नाही.

आज इतक्या वर्षांनीही मला वाटतं, आम्ही लढायला हवं होतं. फार तर हरलो असतो. छापखाना बंद पडला असता तर कुठं तरी पोटाला मिळालंच असतं सगळ्यांना. तुळशीरामचा दुसरा अंगठा कुठून येणार होता?

*

अंक निघाल्यावर भाऊसाहेबांचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी एका सकाळी मला म्हणाले, "चाल, अंजनगावले जाऊन येऊ."

मोटारीतून उतरलो तर ठाण्याच्या बाहेरच्या फळ्यावर आमचा अंक चिकटवलेला. पुढं लोक उभे होते आणि शाळेतला एक मास्तर त्यांना माफी वाचून दाखवत होता. आम्ही मान खाली घालून पुढं सरकलो.

मळ्यात सुभद्रा पानं खुडत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वेलाकडे तोंड केलं. तुळशीराम डाव्या हातानं घागर उचलून वेलांना पाणी घालत होता. आम्हाला पाहून त्यानं घागर खाली ठेवली, बाज टाकली आणि बसा म्हणाला.

भाऊसाहेब बसले नाहीत. संबंध जिल्ह्यात कोणापुढं हात न जोडणारा माणूस. त्यांनी दोन्ही हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं.

"तुळशीराम, माह्याकून मोठी चूक झाली रे. मले माफी दे."

तुळशीरामनं त्यांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. आवाज न चढवता म्हणाला,

"सायबाची माफी छापून मांगतली, भाऊसाहेब. माही तोंडी काहून?"