खर्ड्यात मांडलेला पाट

खर्ड्याला लोक किल्ला बघायला जातात. मी गेले ते शमाचं वाचन तपासायला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझी मैत्रीण कमल तिथं पहिलीचा वर्ग घ्यायची. माझ्याकडं नगरला आली तेव्हा म्हणाली, "पोरगी घरात उर्दू बोलती, मशिदीत अरबी वाचती, मराठीचं पुस्तक दिलं की मुकी हुती. यंदाबी पहिलीतच राहिली तर बाप शाळेतनं काढनार हाय. तू एकदा बघ." मुलं वाचायला कशी शिकतात, हा माझ्या नोकरीचाच विषय. निघाले.

सकाळची जामखेडची एसटी धरावी आणि उजवीकडे बसावं, ऊन लागत नाही. वाटेत कडा गावाला गाडी थांबते. भजी गरम असतील तरच घ्यावीत. जामखेडपुढचा रस्ता हाडं खिळखिळी करतो. पण दोन्ही बाजूंना ज्वारी डोलत होती आणि कमलच्या घरी भाकरी, शेंगदाण्याची चटणी वाट बघत होती, तेव्हा कुरकुर कशाला?

शाळेत कमलनं शमासमोर तरटावर पुस्तक ठेवलं. शमानं हात मागं घेतले.

"वाच की गं."

शमानं मागचे हात पुढं आणलेच नाहीत. कमलनं माझ्याकडं बघून मान हलवली. मला त्या पोरीची फार माया आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मशिदीवरून चाललो होतो. ओसरीवर मुलं वाचत होती. शमानं हात धुतले, ओढणी डोक्यावर घेतली, भुईपासून उंच, लाकडी घोडीवर ठेवलेल्या पुस्तकावर बोट ठेवलं आणि खणखणीत सुरू झाली.

"कमल, ही मुकी नाही. आपण पुस्तक भुईवर ठेवतो गं."

कमल जागीच थांबली. "पुस्तकाला पाय लागला तर आपनबी पाया पडतोच की," म्हणाली आणि घरी जाऊन देवघरातला पाट घेऊन आली.

दुपारी पाटावरचं पुस्तक बघून शमा आधी रांजणाकडं गेली. हात धुतले, ओढणी सारखी केली. बोट अरबीच्या सवयीनं ओळीच्या उजव्या टोकाला गेलं, मग डावीकडं आलं. अडखळत, पण वाचू लागली. गोष्टीतल्या शेळीनं मळ्यातली वाळकं फस्त केली, तिथं खुदकन हसली.

"मशिदीत वाचतेस ते कळतं का गं?" मी विचारलं.

"ते अल्लाला कळतंय. हे मला कळतंय, बाई." आणि तिनं पुढचं पान उलटलं.

संध्याकाळी तिचा बाप न्यायला आला. लेकीचा आवाज ऐकून दारातच उभा राहिला. गोष्ट संपल्यावर कमलला म्हणाला, "दुसरीचं पुस्तक कुटं मिळतंय, बाई?"

घरी परतल्यावर सासूबाईंनी विचारलं, "किल्ला कसा आहे गं?" किल्ला राहिलाच की! तुम्ही गेलात तर जरूर बघा. मी मात्र अजूनही एखाद्या मुलाचं वाचन ऐकायचं असलं की आधी पाट मांडते.