सतरा नंबरच्या उजवीकडे

जालन्यात माझं फ्रेम बनवायचं दुकान आहे. राजूरचा गणपती, मुलांची प्रमाणपत्रं आणि गेलेल्या माणसांचे फोटो, यांवर ते चालतं. कागद सरळ कापण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असा मला भलताच तोरा होता.

आमच्या गल्लीतले म्हातारे मारवाडी शेठजी एकदा एक हातभर लांब जुनं चित्र घेऊन आले. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं अख्खं हैदराबाद. अलीकडे नदी, तिच्यावर पूल, पलीकडे घुमट, मिनार आणि दाटीवाटीची घरं. मोठ्या इमारतींवर बारीक आकडे होते आणि कुठला आकडा म्हणजे काय, ते खालच्या कोऱ्या जागेत इंग्रजीत छापलेलं. त्याच्याही खाली पेन्सिलीनं हिंदीत गिचमिड होती. माप घेताना त्यातली पहिली ओळ मी वाचली : ‘१७ के दाहिने हमारा घर.’ पोराटोरांनी खरडलं असेल म्हणून पुढं बघितलंच नाही.

“आमच्या मंडळींचं माहेर हाय हे,” शेठजी म्हणाले. “परवाच त्यांच्या पेटीत सापडलं. त्यांच्या खाटेसमोर लावायचंय. जरा जल्दी करा, भाऊ.”

जल्दी करायची तर सागवानी फ्रेम तयारच होती, फक्त चार बोटं लहान. खालची किनार पिवळी पडलेली, डागाळलेली. पट्टी ठेवली आणि एका झटक्यात कापली. चित्र काय उठून दिसत होतं!

दोन दिवसांनी मी स्वतःच लावायला गेलो. शेठजींनी बायकोला उशीला टेकवून बसवलं आणि भिंग काढलं. त्यांचं भिंग आकड्यांवरून खाली गेलं आणि लाकडावर थांबलं.

“भाऊ, खालचं लिव्हलेलं कुठंय?”

“कापलं, शेठजी. डाग पडले होते.”

त्यांनी बायकोकडे बघितलं आणि भिंग खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, “यांनी लहानपणी लिव्हलं होतं. कोणत्या गल्लीत कोण, समदं. या आता विसरून राह्यल्यात. मला भिंगाशिवाय दिसत न्हाई, म्हणलं फ्रेम झाली की दोघं मिळून वाचू.”

मी घरी पळत गेलो. दुकानातली कात्रणं बायको रोज पाणी तापवायच्या चुलीत घालते. राखेत हात घालून बघितला, इतका मी वेडा झालो होतो. आजकाल कशाचेही फोटो मोबाईलमध्ये असतात, पण त्या कागदाचा काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मी वाचलं होतं आणि तरीही कापलं, याची लाज अजून जात नाही.

तसाच परत गेलो. शेठजींना खरं सांगितलं. मग खाटेपाशी बसून त्यांच्या बायकोला म्हणालो, “मावशी, एक ओळ मी वाचली होती. सतराच्या उजवीकडे तुमचं घर.”

त्यांनी बोट उचललं. सतरा सापडायला वेळ लागला. मग त्याच्या उजवीकडच्या दाट रेघांवर बोट टेकलं आणि तिथंच राहिलं. चेहरा असा उजळला की शेठजींनी डोळे पुसले.

त्या माझ्याकडे वळल्या. लहान मुलीच्या उत्सुकतेनं त्यांनी विचारलं, “और?”

त्याच्यापुढचं मी वाचलं नव्हतं.