झिंग्याच्या मादीचं पाणी

चार माणसांच्या ऑफिसात इतके किस्से साठतात कसे, असं लोक विचारतात. आमच्या साहेबांच्या हाताखाली एक उन्हाळा काढला असता तर विचारलं नसतं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. नागभीडजवळ तलावाकाठी मासळीचं सरकारी केंद्र होतं, मी तिथं क्लार्क. दामलेसाहेब पुण्याचे. झिंग्याची मादी कात टाकते तेव्हा तिच्या अंगातून पाण्यात काहीतरी उतरतं, आणि त्याच्या वासावर नर तिला हुडकत येतो, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. मादी दाखवायची नाही, नुसतं तिचं पाणी ओतायचं, आणि नर धावला पाहिजे. नागपूरचे मोठे साहेब बजावून गेले होते, "पावसाळ्याआधी दाखवा, नाहीतर हे काम बंद." दामलेसाहेबांचं जेवणावरून मन उडालं होतं.

*

वासाचा प्रयोग, म्हणून ऑफिसात विडी, अत्तर, डोक्याचं तेल, सगळं बंद. शिपाई श्रावणभाऊ तेल धुऊन कोरड्या डोक्यानं घरी गेले. बायकोनं पाहिलं आणि दारातच विचारलं, "कोन मेलं जी?"

*

बातमी गावात फुटली. तलावात जाळं टाकणारे एक म्हातारे बाटली घेऊन हजर. "साहेब, थोडंसं पानी द्या. पोराचं लगन जमून नाई राह्यलं."

साहेब गंभीरपणे म्हणाले, "अहो, तुमचा मुलगा झिंगा नाही."

"नाई जी. पन पोरगी पाहाले नेलं का झिंग्यावानी मांगं मांगंच सरकते."

*

मोठे साहेब यायच्या दिवशीच मादीनं कात टाकली. नशीबच! दामलेसाहेबांनी तिचं पाणी नव्या घागरीत भरलं आणि ओसरीच्या सावलीत झाकून ठेवलं.

आमच्याकडं पाहुण्याला आधी हातपाय धुवायला पाणी देतात. मोठे साहेब आले तशी श्रावणभाऊंनी समोरची घागर उचलली. दामलेसाहेब बाहेर येईपर्यंत ती रिकामी झाली होती.

ते पायरीवरच बसले. मला त्यांची फार दया आली. "सर, तुम्ही हात धुतलेत तेच ते पाणी," ते म्हणाले. "आता दाखवायला काही उरलं नाही."

मोठे साहेब आत गेले आणि नराच्या काचेच्या टाकीत एक बोट बुडवलं. सकाळपासून कोपऱ्यात बसलेला नर मिशा हलवत निघाला, सरळ आला आणि दोन्ही नांग्यांनी बोट धरलं. ओढलं तरी सोडेना.

मोठ्या साहेबांनी बोट तसंच ठेवून मान वळवली.

"दामले, काम चालू ठेवा. पण आधी याला सांगा, माझं लग्न झालंय."