खारीतलं गटार

आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला नसता, तर दाखला काढण्यापलीकडे मी नगरपालिकेची पायरी कधी चढले नसते. गिरगावातली खोली विकून आम्ही जेसल पार्कला आलो होतो. यजमान बँकेत, मी घरी. सोसायटीच्या पाण्यासाठी चार बायकांना घेऊन मी एकदोनदा नगरपालिकेत ओरडून आले होते. तेवढ्या भांडवलावर पक्षाची माणसं घरी आली आणि यजमानांना म्हणाली, "वहिनींना उभं करा." मी निवडून आले.

प्रचारात मी एकच गोष्ट कबूल केली होती, शेजारच्या खारी गावातल्या गल्लीतलं गटार. आजूबाजूला भरणी टाकून इमारती उठल्या आणि जुनं गाव खाली राहिलं. पावसात सगळं पाणी गावातल्या घरांत शिरायचं, आणि तिथे तुंबलं की आमच्याही गेटापर्यंत यायचं. गल्लीच्या टोकाला एक कोळीण राहायची. मी तिला मावशी म्हणायची. तिचा नवरा जन्मभर मिठागरात राबला आणि मग लकव्याने अंथरुणाला खिळला. मत मागायला गेले तेव्हा तिने मला पाटावर बसवलं आणि भिंतीवरची पाण्याची खूण दाखवली, माझ्या गुडघ्याच्याही वर.

"दरसाल म्हाताऱ्याला उचलून माळ्यावर ठेवतो, बाय. तेवढा बंद कर."

गटार मंजूर करून घ्यायला मला वर्ष लागलं. ज्या दिवशी विषय सभेत आला, त्या दिवशी कोणीतरी "मंजूर, मंजूर" म्हणालं आणि पुढचा विषय सुरूही झाला. मी घरी येऊन शिरा केला.

काम मे महिन्यात निघालं. गल्ली अरुंद, त्यामुळे चर मावशीच्या भिंतीला खेटूनच खणला. माझ्या कमरेइतका खोल. भिंत जुनी, मातीची. मावशी मला बोलवायला आली. मी कंत्राटदाराला तिथेच उभं केलं.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "आठवड्यात दोन्ही बाजू बांधून काढतो."

दुसऱ्या दिवशी त्याची माणसं आलीच नाहीत. एका बिल्डरचा स्लॅब टाकायचा होता, तिकडे सगळी नेली होती. मी फोन केले. नगरपालिकेत ओव्हरसियरच्या टेबलापाशी जाऊन बसले. तो म्हणाला, "लेखी द्या." लेखी दिलं. म्हाताऱ्याला तात्पुरतं शाळेच्या खोलीत हलवावं म्हणून मी विचारलं, तर शाळेला वरून परवानगी लागत होती. "आमच्याकडे आणूया का?" असंही मी यजमानांना म्हणाले. ते हो म्हणाले. पण म्हातारा ऐकेना. "मना माझे घरान मरू दे," एवढंच म्हणायचा.

त्या वर्षी पाऊस लवकर लागला. चर भरला आणि एका दुपारी भिंत बसली. मावशी बाजारात होती. मी पोचले तेव्हा गावातली माणसं हातांनी माती उपसत होती. म्हाताऱ्याला बाहेर काढून शेजारच्या ओट्यावर ठेवलं होतं. कोणीतरी त्याचं तोंड धुतलं होतं. मावशी आली, पाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "गटार झाला का?" तिला काय विचारायचं होतं ते मला आजही नीट कळलेलं नाही.

पुढच्या सभेत मी उठले. कंत्राट रद्द करा, त्या घराला भरपाई द्या, म्हटलं. उत्तर तयार होतं. ओव्हरसियरच्या रिपोर्टात भिंत अतिवृष्टीने पडली होती, आणि घराचं वाढीव बांधकाम विनापरवाना होतं. नगराध्यक्ष समजुतीने म्हणाले, "ताई, दुःख आम्हालाही आहे. बसा."

मी बसले नाही. तेव्हा मुख्याधिकाऱ्यांनी फाईल बंद केली आणि मला विचारलं, "रद्द करतो. मग देऊ कोणाला? दुसरं टेंडर त्याच्या मेहुण्याचं आहे, तिसरं भाच्याचं."

सभागृह हसलं. अगदी मोकळेपणाने, घरातल्यासारखं. त्या हसण्यात मी खाली बसले.

विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. मधल्या दिवसांत आमच्याच सोसायट्यांची माणसं माझ्याकडे आली. चर उघडाच होता, डास झाले होते, एका मुलाचा पाय मोडला होता. "वहिनी, झालं ते वाईट झालं," आमचे सेक्रेटरी म्हणाले, "पण तुम्ही काम अडवून धरलंय असं लोक म्हणतायत." मी त्यांना चहा दिला. रात्रभर वाटत राहिलं, यांचं तरी काय चुकलं?

सभेत उरलेलं काम त्याच माणसाला वाढीव दराने द्यायचं ठरलं. विरोधात माझ्या एकटीचा हात होता. दिवाळीपर्यंत गटार झालं, वर झाकणंही बसली. पुढच्या पावसाळ्यात पाणी तुंबलं नाही, हे खरंच. सोसायट्यांनी मिळून माझा सत्कार ठेवला. मी गेले नाही, तर शाल आणि नारळ घरी आणून दिले. गल्लीच्या तोंडाशी माझ्या नावाचा बोर्ड लागला होता. मी तो काढायला लावला, आठवड्याने तिथे दुसऱ्याच्या नावाचा लागला. मावशीच्या जागेचा कागद तोवर एका बिल्डरकडे गेला होता आणि ती मुर्ध्याला लेकीकडे राहायला गेली होती.

त्यानंतर मी निवडणुकीला उभी राहिले नाही. एकदा स्टेशनच्या पश्चिमेच्या बाजारात ती सुकट घेऊन बसलेली दिसली. मी तिच्यासमोर उकिडवी बसले.

तिनेच विचारलं, "आता पानी भरत न्हाय ना?"

"नाही, मावशी."

"मंग बरा झाला."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, तशी ती तिकडे वळली.