मार्थाआक्काची चूक

मार्थाआक्काच्या पिशवीत पाण्याची एक बाटली कायम असायची आणि तिच्यातला घोटही ती कधी प्यायची नाही. नंदगडच्या अलीकडचं आमचं गाव. ख्रिस्ती घरं तीस-पस्तीस, चर्च एवढंसं, आणि फादर मिस्सेला, म्हणजे वेदीवरच्या सामुदायिक प्रार्थनेला, महिन्यातून दोनदा येणार. मधल्या दिवसांत चर्च म्हणजे आक्काच. मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग तिचा, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, नेणं तिच्याकडे. नवरा गोव्याला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. त्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही, आम्हीही विचारायला धजावलो नाही. जीभ मात्र तिखट. फादरना तोंडावर म्हणायची, "देव येळंवर येतोय फादर, तुमची मोटारसायकलच मागं ऱ्हातीया."

वर्गात ती कापडाची बाहुली आणायची आणि आम्हा दहा-बारा वर्षांच्या पोरांकडून तिचा बाप्तिस्मा करून घ्यायची. "मरायला टेकलेल्या लेकराला कुणीबी बाप्तिस्मा देऊ शकतंय. फादर नगं, पुरुष नगं. पाणी पायजे आणि मन पायजे." मी नुसते थेंब उडवले की टाळक्यात टपली बसायची. "फुलझाडाला शिंपडाय लागलाईस व्हय रं जोसेफ? डोक्यावरनं वाहू दे पाणी!" पिशवीतली बाटली त्यासाठीच होती. गरज कुठल्या वाटेवर पडेल सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं.

ती गरज माझ्याच घरी पडली. आमची पहिली मुलगी सातव्या महिन्यात झाली, बेळगावच्या एका दवाखान्यात. बायको रिटा ऑपरेशननंतर गुंगीत होती. बाळ काचेच्या पेटीत, माझ्या तळहाताएवढं. आक्का पहिल्या बसनं आली. पेटीपाशी उभी राहिली, बाळाकडं बघितलं आणि नर्सची परवानगी घेऊन बाटली काढली.

"जोसेफ, नाव काय ठेवायचं ते सांग. थांबून चालायचं न्हाय."

मी तिचा हात धरला. "आक्का, थांब की वाईच. फादर खानापुरातनं निघालेत. सगळं नीट होऊ दे."

नीट म्हणजे काय, ते आज लिहायलाही लाज वाटते. माझ्या पहिल्या लेकीचा बाप्तिस्मा एका बाईच्या हातून, प्लास्टिकच्या बाटलीतल्या पाण्यानं व्हावा हे मला नको होतं. बाळाला पांढरा झगा हवा होता, मेणबत्ती हवी होती, फादर हवे होते.  आक्का हळूच म्हणाली, "बाप तू हैस." आणि तिनं बाटलीचं झाकण लावलं.

फादर आले तेव्हा नर्स पेटीतल्या नळ्या काढत होती.

संध्याकाळी रिटा शुद्धीवर आली. तिचा पहिला प्रश्न, "तिच्या डोक्यावर पाणी तरी घातलासा काय?" मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाली, "न्हाय गं बाळा. मी फादरांची वाट बघत थांबले. चुकलं माझं." मी रिटाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

फादरनी दफनाच्या सगळ्या प्रार्थना केल्या. लेकरू देवापाशीच आहे, आई-बापाची इच्छा होती तेवढी देवाला पुरे, असं रिटाला पुन्हा पुन्हा समजावलं. पण बाप्तिस्म्याविना गेलेलं लेकरू देवापर्यंत पोचत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं तिच्या मनातून जाईना. गावालाही बोलायला विषय मिळाला. बाईमाणसाच्या हातात चर्च दिलं की असंच होणार, असं लोक उघड म्हणू लागले. चर्चच्या कमिटीची बैठक बसली. मीही कमिटीत होतो. फादरनी मला विचारलं, "जोसेफ, तुला काही सांगायचंय?" मी नकारार्थी मान हलवली.

आक्काकडून ख्रिस्तप्रसाद नेण्याचं काम काढून घेतलं, वर्गही काढला. ते काम उचलायला पुरुष कुणी पुढे आला नाही. गावातला आंधळा सांतानतात्या दारात काठी टेकून दर रविवारी तिची वाट बघायचा. तो तसाच, प्रसादाविना गेला. आक्का चर्चची झाडलोट करत राहिली.

एकदा मी तिच्या घरी गेलो. म्हटलं, "आक्का, मी रिटाला खरं सांगतो."

ती तांदूळ निवडत होती. "कशापायी? तू घाबरल्यालास. मी शिकलेली होते. शंभर पोरांस्नी शिकवलं, आणि येळ आल्यावर पुरुषमाणूस न्हाय म्हणाला म्हणून हात मागं घेतला. ही चूक माझीच हाय, तुला देणार न्हाय."

मला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची मला आजही किळस येते.

यंदा उन्हाळ्यात आक्का गेली. रिटा मातीला आली नाही. स्मशानभूमीतून परत आल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून नऊ वर्षांचं सगळं एका दमात सांगून टाकलं. रिटा भाकरी थापत होती. हात थांबले. तव्यावरची भाकरी करपली तरी ती हलली नाही.

"मिस्सेत शांती द्यायच्या येळंला ती मुद्दाम मागं वळायची," ती म्हणाली. "माझ्याकडं बघून हात जोडायची. दर खेपेला. नऊ वर्सं. मी एकदाबी जोडले न्हाईत."

पुढच्या मिस्सेत फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. सगळे शेजारच्याकडं वळून हात जोडू लागले. मी रिटाकडं वळून हात जोडले. ती समोर वेदीकडं बघत राहिली.