लांब दांड्याचा मॉप

“ह्यो नको. ह्येका हात लागलो. पॅकबंद आसा तो दिया.”

काकी दुकानदाराला म्हणाल्या. लागलेला हात माझा होता. मॉप अजून माझ्याच हातात होता. कणकवलीच्या बाजारात, चवथीच्या आधीच्या गर्दीत, भर दुकानात मी तो धरून उभी होते आणि आता कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मग काकींकडे, आणि माळ्यावरून नवं खोकं काढायला शिडी लावली. कसला हात, कुणाचा हात, काही विचारलं नाही. आमच्या भागात असल्या गोष्टी फोड करून सांगाव्या लागत नाहीत.

आधीचं सांगते, म्हणजे माझा जीव कशासाठी एवढा खालीवर झाला होता ते कळेल.

काकी म्हणजे आचऱ्यातल्या माझ्या मालकीण. त्यांच्या घरी मी केर काढायचे, लादी पुसायचे, भांडी घासायचे. मी बौद्धवाडीतली. माझ्याआधी माझी आई त्याच घरी राबली. तेव्हा घरात शेणाची जमीन होती. आई बाहेरचं खळं, म्हणजे अंगण, सारवायची. सारवत सारवत ओटीच्या पायरीपर्यंत यायची आणि तिथे तिचा हात थांबायचा. पायरीच्या वरची जमीन घरच्या बायका सारवायच्या. शेण तेच, गाय तीच. हात वेगळा.

मग मुंबईचा पैसा आला, शेण गेलं, पांढरी चकचकीत लादी आली. लादी पुसायला घरच्या बायकांना वेळ होईना. तेव्हा मला पायरी चढून वर घेतलं. ओटी, माजघर, झोपायच्या खोल्या, सगळीकडे मी. फक्त देवाची खोली सोडून. गावात लोक म्हणायचे, बघा, काळ बदलला, काकी काही मानत नाहीत. मलाही तसंच वाटायचं. वाटायचं म्हणजे वाटून घ्यायचे. पोट मागे लागलेलं असलं की माणूस फार खोलात जात नाही.

पण गुडघे जात होते. लादी मी बसून पुसायचे, फडक्यानं. उकिडवी बसायची, एक पाय पुढे, एक मागे, असं सरकत सरकत सगळं घर. आमच्या किनाऱ्यावर वाळू घरात येतेच, तुम्ही कितीही चपला बाहेर काढा. वाळूवर गुडघा टेकला की कशी कळ येते ते टेकणाऱ्यालाच माहीत. घरी गेल्यावर मला जमिनीवर बसून जेवता येत नव्हतं. मी उभ्यानं जेवायचे, ओट्याला टेकून. माझी नणंद हसायची, म्हणायची, साहेबीण झालीस.

लादी आली तेव्हापासून मी मॉप मागत होते. काकींचं उत्तर ठरलेलं होतं. मॉपानं कोपरे निघत नाहीत, हातानं पुसल्यासारखं होत नाही, मॉप म्हणजे आळशांचं काम. मी फडका पिळायला घ्यायचे. परत काही दिवसांनी मागायचे. मागताना हसायचे सुद्धा, म्हणजे मागणं गोड लागावं. आज त्या हसण्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

आणि एक दिवस काकी आपणहून म्हणाल्या, कणकवलीला चल, मॉप घ्यायचा आहे. मी केस विंचरले. चांगली साडी नेसले. गाडीत काका चालवत होते, काकी त्यांच्या शेजारी, मी मागे. खिडकीतून वारा येत होता आणि मला लग्नाला निघाल्यासारखं वाटत होतं. मॉपसाठी. हसू नका. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

दुकानात मॉप दोरीला टांगलेले होते. एक जाड सुती दोऱ्यांचा. तो मी आधीच बाजूला केला, दोऱ्यांत वाळू अडकते आणि मग लादीवर चरे पडतात, शिवाय भिजला की मणभर जड. एक स्पंजचा, दांड्याला खटका असलेला. एक फिरत्या बादलीचा, पायानं दाबलं की गरगरतो. आणि एक सपाट, खाली मऊ कापड चिकटवलेला. कापड काढून धुता येतं, पलंगाखाली सरकतो आणि दांडा आपल्या उंचीप्रमाणे वर-खाली करता येतो. मी तो सपाट घेतला. काकी म्हणाल्या, धरून बघ. मी धरला. म्हणाल्या, जरा पुसून दाखव. मी दुकानाच्या लादीवर कोरडाच फिरवला. म्हणाल्या, दांडा अजून थोडा वर घे, आता सरळ उभी राहा, पाठीत काही भरतं का? कंबर वाकते का?

इतक्या वर्षांत त्या घरातल्या कुणी माझ्या पाठीची चौकशी केली नव्हती. मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, नाही काकी, अजिबात वाकावं लागत नाही. हाच बरा.

तेव्हा काकींनी ते वाक्य म्हटलं. ह्याला हात लागला.

तरीही मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, असेल, नव्या वस्तूला नवं खोकं हवं, सगळेच मागतात. परतीच्या वाटेवर ते खोकं डिकीत मावेना, कारण तिथे मखराचं सामान होतं. मग ते माझ्याच मांडीवर ठेवलं. हात लागू नये म्हणून पॅकबंद घेतलेला मॉप आचऱ्यापर्यंत माझ्या मांडीवर बसून आला. काकींना त्यात काही वावगं दिसलं नाही. खोक्याला विटाळ नसतो बहुतेक.

घाटीची वळणं मागे पडल्यावर मी उद्याच्या कामाचं विचारलं, “काकी, फाल्यापासून ह्याच मॉपान पुसू मा?”

त्या मागे वळल्या. रागावल्या नव्हत्या. खरोखरच नवल वाटलं होतं त्यांना.

“तुका कित्याक गो? तुका फडको आसा मा. ह्यो सुनेक. तुजी नि तिची उंची एकच, म्हणान तुका हाडलंय.”

मापाला नेलं होतं मला. शिंप्याकडे जुना ब्लाऊज नेतात तसं. सून ठाण्याला असते, चवथीला येते. चवथीच्या दिवसांत गणपतीची खोली तिनं पुसायची, कारण तिथे मी चालत नाही. आणि सुनेची कंबर नाजूक. माझी पाठ त्यांनी विचारली ती सुनेची पाठ होती. माझ्या अंगातून त्या तिच्याशी बोलत होत्या. मी नुसतीच मधे उभी होते.

त्या क्षणी मी काय केलं, ते सांगायलाच हवं. गाडीतून उतरले, खोकं ओटीवर ठेवलं, पदर खोचला आणि फडका घेऊन बसले. पण त्या दिवसापासून माझं बूड एका जागी ठरेना. घरी मी उगाच उठून दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. भात चढवला की विसरायचे. नणंद म्हणाली, अंगात काय शिरलंय तुझ्या? मी म्हटलं, काही नाही. काय सांगणार होते? मॉप मिळाला नाही म्हणून रडते आहे म्हणून? मॉपचं काहीच नव्हतं. तोपर्यंत माझा समज होता की काकींना माझे गुडघे दिसत नाहीत. आता कळलं, त्यांना गुडघ्यांचं सगळं कळतं. कुणाचे आहेत ते बघून त्या ठरवतात.

चवथ आली. मुलगा-सून आली. गणपतीच्या डोक्यावर माटवीची लाकडी चौकट बांधली, नारळ, सुपाऱ्या, काकड्या लटकल्या, गणपती बसला. पहिल्या दिवशी सुनेनं नवा मॉप काढला, खोली पुसली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, “हा तुम्ही निवडलात ना? आई म्हणाल्या. मस्त आहे हो, कंबर अजिबात वाकत नाही.” मी तेव्हा माजघरात तिच्या पायाशी बसून पुसत होते. ती वाईट नाही. मनापासून म्हणाली. पण तिला खाली बघून बोलावं लागलं आणि तरीही दिसलं नाही, हे मी विसरू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेची पाळी आली. ती मागच्या खोलीत बाजूला बसली. आदल्या संध्याकाळी भजनाची मंडळी येऊन गेली होती. गणपतीच्या खोलीत समईचं तेल सांडलेलं, त्यावर फुलं तुडवलेली, उसळीचे दाणे चिरडलेले. लादी अशी निसरडी झाली होती की आरतीला काका घसरता घसरता वाचले. काकींचं वय झालेलं, त्या तेलकट लादीवर पाय ठेवायला त्या धजत नव्हत्या. घरात दोन धडधाकट पुरुष होते, काका आणि त्यांचा मुलगा. त्यांच्या हाताला विटाळ नाही, पाळी नाही. त्यांनी मॉप धरला असता तर देव कोपला नसता. पण ते कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. मुलगा ओटीवर मोबाईल बघत होता.

काकींनी मॉप आणला. ओला करून, पिळून आणला, स्वतःच्या हातानं. माझ्या हातात दिला. तोच, सपाट, मी निवडलेला. दांडा माझ्या उंचीचा आधीच लावलेला होता. लावायचं कामच नव्हतं.

“दांडो लांब आसा,” त्या म्हणाल्या. “उंबऱ्याभायर उभी रव नि पूस. पाय मात्र आत घालू नको.”

मी मॉपकडे बघितलं. ज्याच्यासाठी एवढी वर्षं हसून हसून मागितलं, तो हातात होता. आणि कशासाठी? माझे गुडघे वाचावेत म्हणून नव्हे. मी लांब राहावी म्हणून. त्या दांड्याची लांबी त्यांनी मोजली होती ती माझ्यापासून देवापर्यंत. मला आई आठवली. खळं सारवत पायरीपाशी थांबलेला तिचा हात आठवला. आईच्या हातात शेण होतं, माझ्या हातात कणकवलीच्या दुकानातला मॉप. बाकी काय बदललं होतं?

एक गोष्ट स्पष्ट सांगते. मला त्या खोलीत जायची हौस नव्हती. आमच्या घरी भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आहे, आम्ही कुणाच्या गणपतीपुढे हात जोडत नाही. मला दर्शन नको होतं. पण माझे कष्ट आत चालतात आणि मी बाहेर, हे मला नको होतं.

मी म्हटलं, “आत येवन पुसतंय. नायतर पुसूचंय नाय.”

ओटीवरचा मोबाईल बंद झाला. मागच्या खोलीतून सून दारापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली, कारण तिलाही पुढे यायला चालत नव्हतं.   

काकी हळू आवाजात म्हणाल्या, “चवथीच्या दिवसांत असा बोलतंस? तुज्या आवशीन कधी उलट उत्तर दिल्यान नाय.”

“आवस पायरीपर्यंत इली,” मी म्हटलं. “मी उंबऱ्यापर्यंत इलंय.”

  शूर वगैरे काही वाटत नव्हतं. उद्या काम नसेल हे मला दिसत होतं, आचऱ्यात ही बातमी माझ्याआधी वाडीत पोचेल हेही दिसत होतं. तरी मी मॉप उंबऱ्याला टेकवून ठेवला. फेकला नाही, आपटला नाही. माझा फडका बादलीतून काढला, पिळला, खळ्यातल्या दोरीवर वाळत घातला आणि चपला घालून निघाले. वाटेत पाय इतके जलद पडत होते की गुडघे दुखत आहेत हे मला घरी आल्यावर कळलं.

काकींचा निरोप गणपती गेल्यावर आला. शेजारच्या बाईबरोबर. काम अडलं की माणसाची आठवण येते, गरज सरेपर्यंत वैद्याला मरू देत नाहीत. निरोप असा: झालं गेलं विसर. आता लादी मॉपानंच पूस, फडका नको, बसायचंही नको. मॉप तुझ्याच हाती ठेवते. फक्त देवाची खोली तेवढी आधीसारखी सोड, तेवढी आम्ही बघू.

शेजारीण म्हणाली, जा गो, आता आणखी काय पाहिजे? मॉपच हवा होता ना तुला?

हवा होता. मी त्या निरोपावर फार वेळ घरात येरझाऱ्या घातल्या. गुडघे एक सांगत होते, डोकं एक. माझे गुडघे काही बरे झालेले नाहीत, आणि दुसरं काम अजून हातात नाही. एका घरी विचारायला गेले होते. तिथल्या बाईंना मी आधीच सांगितलं, मॉप दाखवा आणि सगळ्या खोल्या दाखवा. त्या म्हणाल्या, सगळ्या कशाला? मी तिथूनच वळले. पुढच्या घरीही हेच विचारणार आहे. त्याच्या पुढच्या घरीही.

काकींना मी उलट निरोप पाठवला. शेजारणीला सांगितलं, शब्द बदलू नको, आहे तसा सांग. ज्या घरात एका खोलीत माझा पाय चालत नाही, त्या घराची कुठलीच लादी मी पुसणार नाही. फडक्यानं नाही. मॉपानंही नाही.