आरतीला फोन नाही

आमच्या हाउन्सलोच्या घरात कुणाचं तरी डोकं बिघडत चाललं होतं. कुणाचं, तेच मला कळेना.

ह्यांच्या मते नातीचं. हे म्हणजे माझे यजमान, सतीश. अठ्ठावीस वर्षं लंडनची बस चालवली, पण कधी नकाशा उघडला नाही. गणपतीत सगळ्या आरत्या पुस्तकाशिवाय म्हणणारे आणि वीस माणसांकडून म्हणवून घेणारेही हेच. नात अक्षरा बारा वर्षांची. ती फोनवर इंग्रजी अक्षरांत लिहिलेली आरती वाचते. "या फोननं पोरांची डोकी पोकळ केली," हे ह्यांचं रोजचं पालुपद.

मला मात्र मार्चपासून वेगळीच धास्ती. चहा प्यायला की अर्ध्या तासानं परत मागायचे. एकदा लायब्ररीतून घरी यायला दीड तास लावला आणि दोष रस्त्याच्या कामाला दिला. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर यायचे.

यंदा ह्यांनी फर्मान काढलं, सगळ्यांचे फोन पोळ्यांच्या डब्यात. "पाठ असेल त्यानं म्हणावं, नसेल त्यानं टाळ्या वाजवाव्यात."

पहिल्याच संध्याकाळी, चाल सारखीच म्हणून, दुसऱ्या आरतीच्या मध्यावर हे घसरले आणि पुन्हा पहिलीत शिरले. होतं असं कधीकधी. सगळे हसत हसत ह्यांच्यामागून गेले. पण त्याच जागी आल्यावर हे पुन्हा घसरले. तिसऱ्यांदाही तेच. कापूर विझला, हसणं थांबलं. हे झांजा वाजवत माझ्याकडे बघत होते, गर्दीत हात सुटलेल्या मुलासारखे. पुढची ओळ मलाही आठवेना, इतकी मी घाबरले होते.

तेवढ्यात अक्षरानं ती ओळ खणखणीत म्हटली. हे तिच्यामागून म्हणू लागले आणि आरती एकदाची संपली.

प्रसाद खाताना ह्यांनी तिला विचारलं, "पाठ होती, तर मग फोन कशाला लागतो तुला?"

"पाठ नाहीये, आजोबा. आय जस्ट सी इट. फोनवरचा तो पान डोक्यात दिसतो, मग मी स्क्रोल करते."

म्हणजे फोननं हिचं डोकं पोकळ केलं की भरलं? मला तर अजून समजलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी डबा स्वयंपाकघरातच राहिला. ह्यांनी अक्षराला हाक मारली. "माझ्या शेजारी उभी राहा. आणि फोन घेऊन ये."

"पण तुम्ही बॅन केला ना? मला नको आता."

"तुला नाही गं," हे म्हणाले. "मला लागेल."

सोमवारी मी जीपीला, आमच्या नेहमीच्या डॉक्टरला, फोन लावला. हे शेजारीच उभे होते. नको म्हणाले नाहीत.